दशहरीची फळी आणि वाटीभर तेल

‘हात लावू नका’ म्हटलं की लताबाई माईणकरांचे हात शिवशिवायचे. ही खोड त्यांना लहानपणापासूनची. अडुसष्टाव्या वर्षी ती जाईल अशी आशा ठेवण्यात अर्थ नव्हता, आणि ती गेली नाही म्हणूनच ही गोष्ट घडली.

लखनौच्या मानक नगरात रेल्वेच्या संशोधन संस्थेची कॉलनी आहे. तिथल्या एका क्वार्टरमध्ये लताबाईंचा मुलगा सिद्धेश, सून प्रणिता आणि नऊ वर्षांची नात आर्या राहत. पती दत्तात्रयराव गेले आणि सांगलीच्या घराला कुलूप लावून लताबाई इथे आल्या, त्याला आठ महिने झाले होते. सून वाईट नव्हती. उलट फार चांगली होती आणि खरं दुखणं तेच होतं. ‘आई, तुम्ही बसा.’ ‘आई, मी करते ना.’ ‘आई, तुम्ही कशाला?’ आठ महिन्यांत लताबाईंना कुणी चार पाकळ्या लसूणसुद्धा सोलायला दिला नव्हता. माणसाला इतकं जपलं की ते घरचं राहत नाही, पाहुणं होतं, हे या शिकलेल्या पोरींना कोण सांगणार?

त्यांचा वेळ जायचा तो मागच्या बंदिस्त व्हरांड्यात. तिथे प्रणिताचं काम चाले. ती पूर्वी एका शाळेत सायन्स शिकवायची. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून ती लाकूड आणि रेझिनच्या नादाला लागली. रेझिन म्हणजे मधासारखं दाट, पारदर्शक रसायन. त्यात दुसऱ्या बाटलीतलं हार्डनर मोजून मिसळायचं, लाकडावर ओतायचं आणि दिवसभर थांबायचं. मग ते काचेसारखं टणक होतं. प्रणिताने आजवर ट्रे केले, घड्याळं केली, कॉलनीतल्या बायकांना चहाचे कोस्टर करून दिले. बायका ‘कितना प्यारा है’ म्हणत आणि त्यावर गरम कढई ठेवत.

त्या डिसेंबरात मात्र पहिलं खरं काम आलं. मलिहाबादच्या रिज़वान साहेबांच्या बागेत दशहरी आंब्याचं शंभर वर्षांचं झाड मेच्या वादळात पडलं होतं. त्याची पाच फूट लांब, तीन फूट रुंद फळी टेम्पोतून आली. साहेबांची मोठी बहीण त्या झाडाच्या फांदीला झोपाळा बांधून लहानाची मोठी झाली होती. ती अठ्ठावीस जानेवारीला परदेशातून येणार होती, बारा वर्षांनी. झाड तर आता दाखवता येणार नव्हतं. त्याचं टेबल करून तिच्यासमोर ठेवायचं, एवढीच साहेबांची इच्छा.

प्रणिताने महिनाभर त्या फळीची सेवा केली. मधली लांब चीर रेझिनने भरली, मग पॉलिश पेपरने घासघासून फळी अशी केली की उन्हात धरली तर तिच्या रेघा हलल्यासारख्या वाटत. आता उरला होता शेवटचा थर. सगळ्या फळीवर एकसलग रेझिन ओतायचं आणि ते आरशासारखं बसलं पाहिजे. हे टेबल जमलं तर हाच उद्योग करायचा आणि नाही जमलं तर एक फेब्रुवारीपासून गपचूप शाळेत परत जायचं, असं तिने स्वतःशीच ठरवलं होतं. शाळेने जागा देऊ केली होती, उत्तर मागितलं होतं.

“आई, एवढ्या फळीला मात्र हात लावू नका हं,” ती म्हणाली. “उद्या ओतायचंय.”

“मी कशाला लावते बाई,” लताबाई म्हणाल्या आणि त्या वेळी ते अगदी मनापासून म्हणाल्या.

दुपारी प्रणिता हातमोजे आणायला आलमबागला गेली. आर्या शाळेत. लताबाई खुर्चीत बसून फळीकडे बघत राहिल्या. घासून घासून ती कशी पांढुरकी, कोरडी पडली होती. थंडीत पोराचे गाल फुटतात ना, तशी. आणि त्यांच्या मनात आलं, बिचारीला कुणी तेलसुद्धा लावलं नाही.

आता सांगलीच्या घरात संक्रांतीच्या आधीचा एक दिवस ठरलेला असे. जेवायचे पाट, पोळपाट, लाटणं, देवाचा चौरंग, सगळं उन्हात मांडायचं आणि खोबरेल चोळायचं. लाकूड तेल पितं, वर्षभर तडकत नाही. सासूने शिकवलं, लताबाईंनी पंचेचाळीस वर्षं केलं. संक्रांत तीन दिवसांवर आली होती, समोर इतकं सुंदर लाकूड कोरडं पडलं होतं आणि हात आठ महिने रिकामे होते. त्या उठल्या. लखनौच्या थंडीत खोबरेल दगडासारखं गोठतं, म्हणून बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात उभी केली. तेल पातळ झालं तसं वाटीत घेतलं आणि फळीला चोळचोळून जिरवलं. फळी कशी तरतरीत दिसायला लागली! मऊ फडक्याने त्यांनी वरचं पुसून घेतलं. संध्याकाळी प्रणिता आली, तोवर तेल आत गेलं होतं. व्हरांड्यातल्या पिवळ्या दिव्यात तिला काही कळलं नाही. सांगू, टेबल झाल्यावर सांगू, असं लताबाईंनी ठरवलं. थोडं कौतुक होईल, या हिशेबाने.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रणिताने थर ओतला आणि धूळ बसू नये म्हणून वर प्लॅस्टिक ताणलं. तिसऱ्या दिवशी सकाळी वरचं प्लॅस्टिक उचललं आणि ती मटकन खाली बसली.

फळीभर खड्डे होते. लहान, गोल, देवीच्या वणांसारखे. जिथे तिथे रेझिन मागे सरकलं होतं आणि मधे उघडं लाकूड दिसत होतं.

तिने दिल्लीच्या दुकानदाराला फोन लावला. फोन स्पीकरवर होता आणि लताबाई दारात भोगीच्या भाजीसाठी पावटे सोलत उभ्या होत्या. मागून घेतलेले, हक्काने. “मैडम, ऐसे गड्ढे तो तभी आते हैं जब नीचे तेल हो,” पलीकडचा माणूस म्हणाला. “तेल, ग्रीस, कुछ भी. रेझिन वहाँ टिकता ही नहीं.”

“तेल कहाँ से आएगा भैया? मैंने खुद घिसा है. मेरे अलावा किसी ने छुआ तक नहीं.”

लताबाईंच्या हातातला पावटा खाली पडला.  आत्ता सांगावं. तोंड उघडलंही त्यांनी. तेवढ्यात प्रणिताने फोन ठेवला आणि वळून म्हणाली, “बघा ना आई. आर्या फळीवर पुस्तक ठेवते, सिद्धेश चहाचा मग ठेवतो. माझं ऐकून हात न लावणाऱ्या या घरात तुम्ही एकट्या.”

 लताबाईंनी पावटे उचलले आणि त्या आत गेल्या.

जे झालं ते अजाणता झालं, हे खरं. पण त्यानंतरचं अजाणता नव्हतं. प्रणिताने संक्रांत कशीबशी उरकली, तिळगूळ वाटताना तिचं लक्ष व्हरांड्यातच. सोमवारी सगळा थर पुन्हा घासला, हातांना फोड आले, मंगळवारी पुन्हा रेझिन ओतलं. लताबाई सगळं बघत होत्या. त्यांना ठाऊक होतं की तेल लाकडाच्या आत आहे आणि पुन्हा तेच होणार. तरी देवापुढे बसून त्या म्हणत होत्या, या वेळी नको होऊ देऊ. देव तरी किती ठिकाणी पुरणार. बुधवारी सकाळी प्लॅस्टिक उचललं, तर तेच खड्डे, त्याच जागी, जणू हजेरीला आलेले.

प्रणिता या वेळी खाली बसली नाही. रडलीही नाही. नुसती म्हणाली, “माझ्या हातालाच येत नाही.” हे लताबाईंना रडण्याहून जास्त लागलं.

सिद्धेश समजूतदार माणूस. त्याने जेवताना पाठीवर हात ठेवून सांगितलं, “जाऊ दे यार प्रणू. शाळा आहेच ना. रविवारी साहेब येणारच आहेत, तेव्हा सांगू, ते समजून घेतील.”

“मम्मा, प्लीज़ मत छोड़ो ना,” आर्या म्हणाली. “आपका काम तो मैंने पूरी क्लास को बता रखा है.”

लताबाईंनी मनात हिशेब मांडला. सांगितलं तर काय होईल? घरात मिळालेली ही पाव इंच जागा जाईल. ‘आई, तुम्ही बसा’ यात निदान गोडवा होता. उद्या ती तेच शब्द वेगळ्या आवाजात म्हणेल. आणि नाही सांगितलं तर? तर काहीच होणार नाही, कुणाला कधी कळणारही नाही. पोरगी शाळेत जाईल, पगार येईल आणि आपल्या हातात काही नाही असं उरलेला जन्मभर समजत राहील. लताबाई रात्रभर कूस बदलत राहिल्या.

गुरुवारी सकाळी प्रणिता व्हरांड्यात घासायचं मशीन खोक्यात भरत होती. वायर नीट गुंडाळून, पुन्हा लागणार नाही अशा बेताने. लताबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या.

“ते भरू नकोस. तेल मी लावलं.”

“काय?”

“फळीला. तू हातमोजे आणायला गेलीस तेव्हा. खोबरेल. चांगलं वाटीभर जिरवलं.” एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबता येईना. “आणि त्या फोनच्या दिवशीच मला कळलं, प्रणिता. तू दुसऱ्यांदा घासत होतीस तेव्हा मला ठाऊक होतं. तरी मी बोलले नाही. भ्याले मी.”

 प्रणिताचा चेहरा लाल झाला.

“मी सांगितलं होतं ना, हात लावू नका म्हणून? एवढं एकच सांगितलं होतं ना?” आवाज चढला होता, आठ महिन्यांत पहिल्यांदाच. “पाच दिवस! पाच दिवस मी स्वतःला मूर्ख समजत होते आई! माझे हात बघा!”

“बघितलेत,” लताबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

प्रणिता तरातरा बाहेर निघून गेली. कॉलनीच्या मैदानाला दाट धुक्यातून तिने दोन फेऱ्या मारल्या, तिसरी मारता मारता थबकली आणि परत आली. दारातूनच म्हणाली, “म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं.”

“काहीच नाही.”

“मोजमाप बरोबर होतं. ढवळणं बरोबर होतं.”

“सगळं बरोबर होतं गं. मीच चुकले.”

आणि मग प्रणिता हसायला लागली. हसता हसता रडली, पुन्हा हसली, पुन्हा आठवण होऊन थोडी चिडली. “खोबरेल! लोक ग्रीस म्हणतात, सिलिकॉन म्हणतात. त्या दिल्लीवाल्याला सांगितलं तर तो दुकान बंद करेल.” मग तिने खोक्यातून मशीन परत बाहेर काढलं, एक मास्क लताबाईंच्या हातात दिला आणि कोरड्या आवाजात म्हणाली, “तुम्ही लावलंत ना? मग काढायला या.”

लताबाईंना एवढं सुखाचं रागावणं कुणी कधी रागावलं नव्हतं.

दोन दिवस दोघी खपल्या. गरम हवेच्या बंदुकीने रेझिन तापवलं, की तेल होतं तिथून त्याचे पापुद्रे सहज सुटून येत. पुढे प्रणिता मशीनने घासायची आणि मागून लताबाई ॲसिटोनच्या फडक्याने पुसायच्या. नेलपॉलिश काढतात त्याचाच हा थोरला भाऊ, वासाने डोकं उठवणारा. फडकं पिवळं आलं की नवं फडकं, पुन्हा घासणं, पुन्हा पुसणं. बायकोच्या आणि आईच्या नाकाला एकसारखे मास्क बघून सिद्धेशने काही विचारायचं धाडस केलं नाही, स्वतःच चहा करून आणला आणि मग फळीपासून चार हात दूर ठेवला. फडकं पांढरं स्वच्छ निघालं, तेव्हा प्रणिताने कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर रेझिन लावून पाहिलं. एक दिवस थांबल्या. खड्डा एकही नाही. पण आत बारीक बुडबुडेच बुडबुडे.

“थंडी,” प्रणिता सुस्कारा टाकून म्हणाली. “रेझिन काकवीसारखं घट्ट झालंय, हवा बाहेर पडतच नाही. आधीच्या वेळीही हे होतं, खड्ड्यांच्या नादात बघितलं नाही मी.”

रविवारी रिज़वान साहेब आले. उंच, पांढऱ्या दाढीचे, अदबीचे. उघडीबोडकी फळी बघून त्यांचे डोळे क्षणभर बारीक झाले. आज एकवीस तारीख, म्हणजे मधे एकच आठवडा होता.

प्रणिता काही बोलायच्या आत लताबाई पुढे झाल्या. हिंदी त्यांची बेताची. “गलती मेरी है साहेब. मैंने लकड़ी को तेल लगाया. नारियल का. उसको सूखा देखा नहीं गया.”

साहेब फळीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, “अम्माजी, इस दरख़्त के आम सारे शहर ने खाए. तेल की मालिश आज तक किसी ने नहीं की थी. बाजी सुनेंगी तो ख़ुश होंगी.” बाजी म्हणजे ती मोठी बहीण. मग प्रणिताकडे वळून, “आप इत्मीनान से कीजिए. सत्ताईस की शाम तक मिल जाए, बस.”

म्हणजे एकच संधी. मंगळवारी ओतायचं, तीन-चार दिवस टणक होऊ द्यायचं. पुन्हा चुकलं तर वेळ नव्हता.

मंगळवारी ऊन पडलंच नाही. दुपारी एकला प्रणिताने व्हरांड्यात हीटर लावला, फळीखाली लेव्हल तपासली, बाटल्या वजनकाट्याजवळ मांडल्या. रेझिनची बाटली तिरकी केली तर ते आतल्या आत सुस्तपणे सरकलं. तिचे खांदे पडले. हीटरने खोली तापत होती, बाटली थंडगारच.

लताबाई खुर्चीत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. खरोखरच दाबून. पुन्हा मधे बोलायचं नाही अशी त्यांनी शपथ घेतली होती. पण ती बाटली बघून त्यांना राहवेना.

“एक विचारू? हात लावत नाही.”

“विचारा ना.”

“ती बाटली गरम पाण्यात का नाही उभी करत? माझ्या तेलाची करते तशी. घट्ट झालेलं पातळ होतं की.”

प्रणिता वळली. आधी तेल हा शब्द ऐकून तिच्या कपाळाला आठी पडली, मग ती आठी हळूहळू सुटली. “अहो आई,” ती म्हणाली, “हे मला का नाही सुचलं? किती व्हिडिओ बघितले, पण लखनौच्या धुक्यात बसून कुणी केलेलाच नव्हता.”

“ठेवू मग पाणी?”

“ठेवा. उकळतं नको, हात बुडवता येईल इतपत. झाकण घट्ट हवं, थेंबभर पाणी आत गेलं तर संपलं. आणि गरम झालं की ते लवकर आळतं, मला वेळ कमी मिळेल.”

“पाकाचंही तसंच असतं,” लताबाई पातेलं घेऊन आल्या. “चुलीवरून उतरवल्यावर बोलत बसायचं नाही.”

दहा मिनिटांनी बाटली पुसून कोरडी केली आणि उलटी केली, तर रेझिन धारेने आलं, पातळ आणि स्वच्छ. प्रणिता हळूहळू ढवळत होती, कडा आणि तळ खरवडून, हवा न घेता. “तीन मिनिटं झाली,” घड्याळाकडे डोळे लावून बसलेल्या लताबाई म्हणाल्या. “चार.” बुडबुडे वर येत होते आणि फुटत होते. मग तिने फळीच्या मधोमध ओतलं आणि ते आपणहून पसरत गेलं, चिरेवरून, गाठीवरून, कडेपर्यंत. वर एकदा गरम हवा फिरवली. प्लॅस्टिकचा तंबू लावला. दोघींनी श्वास सोडला तो दार ओढून घेतल्यावर. पुढे चोवीस तास घरात कुणी झाडू मारला नाही आणि आर्या स्वतःहून चवड्यांवर चालत होती.

बुधवारी दुपारी तंबू काढला. लताबाईंनी डोळे मिटून घेतले होते. काहीच आवाज येईना म्हणून उघडले.

खड्डा नव्हता. बुडबुडा नव्हता. खिडकीची जाळी, तिच्यामागचं धुरकट आभाळ, वाकलेली प्रणिता, सगळं फळीत दिसत होतं आणि खाली खोल आंब्याच्या रेघा होत्या, ओल्या असल्यासारख्या.  लताबाईही वाकल्या, कडेने बघत बघत गेल्या आणि पलीकडच्या कोपऱ्याशी थिजल्या.

“प्रणिता,” त्या लगेच म्हणाल्या. “माझा केस.”

“कुठे?”

“इथे. कडेला, आत. पांढरा. माझाच आहे. वाकून बघत होते ना मी काल, तेव्हा पडला असणार. डोक्याला पदर घ्यायला हवा होता, घेतला नाही. चुकलं माझं.”

प्रणिताने गुडघ्यावर बसून पाहिलं. बोटभर लांबीचा एक रुपेरी केस, अगदी कडेला, वरच्या वर. तिने नख लावून अंदाज घेतला. “निघेल हा. ब्लेडने उचलते, वर एक थेंब भरते.” मग तिने मान वर केली आणि तिच्या डोळ्यांत खोडकरपणा होता. “मागच्या वेळी पाच दिवस लागले होते सांगायला. आज पाच सेकंदं.”

 लताबाई पदराच्या टोकाशी चाळा करत उभ्या राहिल्या.

“आई, हात लावा ना,” प्रणिता म्हणाली.

“नको गं.”

“लावा. टणक झालंय. सगळ्यात आधी तुम्ही.”

लताबाई न्हाणीघरात गेल्या. साबणाने दोनदा हात धुतले, कोरडे केले, वासही घेऊन पाहिला. परत येऊन त्यांनी उजवा तळवा फळीवर ठेवला आणि हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. कुठेच काही अडकलं नाही. प्रणिताने त्यांच्या हाताशेजारी आपला फोडांचा हात ठेवला.

“शाळेला आजच ‘नाही’ म्हणून कळवते,” ती म्हणाली. “आणि दुसरी फळी आली की पाणी तुम्ही तापवायचं.”